कायोटीसाठी रायफल: आधी जागा, मग काडतूस

नमस्कार मंडळी. कायोटी म्हणजे इथल्या, अमेरिकेतल्या रानातलं कोल्ह्यासारखं जनावर; त्याला मराठीत शब्द नाही. सवयीने आपण त्याला कोल्हा म्हणतो. कुणी चेव चढला की लांडगा करून टाकतं, आणि मग लांडग्याच्या हिशेबाने रायफल विकत घेतली जाते. टेक्सासच्या मैदानातला कायोटी भरतो दहा ते पंधरा किलो, ईशान्येकडचा वीस किलोपर्यंत जातो. जानेवारीत तो दांडगा दिसतो तो केसांमुळे. त्या केसांच्या आतला देह म्हणजे शाल काढलेला म्हातारा. हृदय आणि फुप्फुसं मिळून नेम धरायची जागा आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढी, फार तर चार इंच. रायफलीचं काम एवढंच, की ठरलेल्या अंतरावर त्या वाटीत गोळी गेली पाहिजे आणि जनावर जागेवर पडलं पाहिजे. हरणाला लागते तेवढी ताकद इथे लागत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी जमिनीकडे बघा. वेस्ट टेक्सासमध्ये, कॅन्ससमध्ये मोकळं रान आहे. तिथे दोनशे-तीनशे वारांवर नेम धरावा लागतो. वार म्हणजे आपल्या नऊवारीतला वार, इथला यार्ड; शिकारीची सगळी कोष्टकं त्याच मापात असतात. ईस्ट टेक्सासच्या झाडीत ससा ओरडल्याचा आवाज वाजवला, की कायोटी चाळीस वारांवर अचानक उभा दिसतो आणि तीन सेकंदांत नाहीसा होतो. तिसरा प्रकार इथे बसलेल्या बऱ्याच जणांचा: शहराबाहेर घेतलेली दहा-पंधरा एकर, त्यात चार शेळ्या, आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याचं घर. तिथे अंतर हा प्रश्नच नाही. गोळी जनावरातून किंवा जनावराच्या बाजूने पुढे कुठे जाईल, हा प्रश्न आहे. टेक्सासमध्ये शिकार करताना झाडलेली गोळी लेखी परवानगीशिवाय हद्दीपलीकडे गेली तर तो गुन्हा आहे. शहराबाहेरच्या वसाहतीत प्लॉट दहा एकर किंवा त्याहून लहान असेल, तर तिथे बंदूक चालवण्यावर काउंटी बंदी घालू शकते. ते आधी विचारा.

आता काडतूस. बहुतेकांना .२२३ रेमिंग्टन पुरतं, आणि हे मी गुळमुळीत बोलत नाही. १९६४ सालचं काडतूस आहे, गोळ्या गावोगावी मिळतात, धक्का इतका कमी की गोळी लागलेली दुर्बिणीतून दिसते. ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला ३२४० फूट वेगाने निघते असं डब्यावर छापलेलं असतं. तो वेग २४ इंची नळीतला. तुमची नळी १६ इंची असेल तर त्यातले दोनेकशे फूट कमी धरा.

.२२-२५० रेमिंग्टन त्याच ५५ ग्रेनला ३६८० फुटांपर्यंत नेतं. फरक कागदावर मोठा वाटतो, रानात बघा. दोन्ही रायफली दोनशे वारांवर बरोबर बसवल्या, म्हणजे नेम धरू तिथेच गोळी लागेल अशा जुळवल्या, तर तीनशे वारांवर .२२३ ची गोळी सहा-सात इंच खाली पडते, .२२-२५० ची पाचेक इंच. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल, तर तीनशे वारांवर पहिली दहाएक इंच सरकते, दुसरी साडेआठ-नऊ. म्हणजे पडण्यात फार फायदा नाही, आणि वारा दोघींनाही वाटीबाहेर नेतोच. हां, मोकळ्या रानात जागेवर आडवं पाडण्यात .२२-२५० सरस आहे, ते मान्य. पण जास्त दारूमुळे तिची नळी आतून लवकर झिजते आणि आवाजही मोठा.

.२४३ विंचेस्टर १९५५ पासून आहे. एकाच रायफलीत हरीण आणि कायोटी दोन्ही हवं असेल तर तीच घ्या. मात्र कातडं ठेवायचं असेल तर ती जपून वापरावी लागते. हलकी, फुटणारी गोळी खांद्याच्या हाडावर बसली की बाहेर वितभर भगदाड. .२०४ रुगर २००४ सालचं, ३२ ग्रेनची गोळी ४२०० फुटांच्या वर. शांत हवेत सुंदर, कातडं जवळजवळ शाबूत. वारा सुटला की हलकी गोळी भरकटते. .१७ एचएमआर आणि .२२ एलआर ही सशा-खारींची काडतुसं. सतरा ग्रेनच्या गोळीने कायोटी मरतो, मरत नाही असं नाही, पण शंभर वारांच्या आत, नेमक्या जागी, उभा असला तर. एवढ्या ‘तर’वर जनावर जखमी होऊन झुडपात जाऊन मरतं. ती नकोच.

इथे जरा थांबतो, कारण पैसे सगळ्यांत जास्त इथे वाया जातात: नळीच्या आत गोळीला फिरवणाऱ्या आट्यांचा पीळ. नळीवर बारीक अक्षरात १:९, १:१२ असं कोरलेलं असतं. १:९ म्हणजे नऊ इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा. गोळी जितकी लांब, तितका जलद पीळ तिला लागतो, म्हणजे पुढचा आकडा लहान हवा. वजनावर सगळे बोलतात, पण ठरवते लांबी. जुन्या .२२३ रायफलींना १:१२ चा पीळ सर्रास असे. त्यात ५५ ग्रेनची शिशाची गोळी छान चालते, ७७ ग्रेनची चालत नाही. .२२-२५० ला वर्षानुवर्षं १:१४ देत आले. आता त्यात तांब्याची अखंड गोळी घाला. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि १:१४ च्या पिळात ती हवेत डुलायला लागते. कागदावर गोल भोकाऐवजी लांबुळकं, आडव्या गोळीच्या आकाराचं भोक दिसलं की समजा पीळ अपुरा आहे. कॅलिफोर्नियातल्या मंडळींना हे टाळता येणार नाही: तिथे १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिसं चालत नाही. तिथे .२२३ घेताना १:८ किंवा १:९ बघूनच घ्या.

जुन्या रायफलीवर आकडा कोरलेला नसेल तर पाच मिनिटांत मोजता येतो. रायफल रिकामी आहे याची आधी डोळ्यांनी आणि मग बोटाने खात्री करा, बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, काढून ठेवा. मूठ सहज फिरते अशा साफसफाईच्या गजावर घट्ट कापड लावून तो नळीत ढकला. सुरुवातीचे दोन-तीन इंच सोडून द्या. मग गजावर वरच्या बाजूला पेनाने खूण करा आणि नळीच्या तोंडाशी गजावर चिकटपट्टी लावा. हळूहळू ढकलत राहा. गज फिरेल, खूण खाली जाऊन परत वर येईल. वर आली की थांबा, पुन्हा चिकटपट्टी. दोन पट्ट्यांमधलं अंतर तुमचा पीळ. कापड सैल असलं तर ते आटे सोडून घसरतं आणि आकडा खोटा येतो, म्हणून तीनदा मोजा.

दुसरी कोरलेली अक्षरं वाचायची ती काडतुसाच्या नावाची. नळीवर .२२३ रेमिंग्टन असेल तर ५.५६ नाटोचं लष्करी काडतूस त्यात घालू नका. बाहेरून दोघं जुळी भावंडं, पण ५.५६ च्या नळीत गोळी आट्यांना भिडण्याआधी जास्त मोकळी जागा असते, .२२३ मध्ये कमी, त्यामुळे दाब चढतो. उलट चालतं. नळीवर .२२३ वाइल्ड लिहिलं असेल तर दोन्ही चालतात.

गोळी निवडताना टोकाला प्लॅस्टिक असलेली, पातळ आवरणाची, आत फुटणारी गोळी घ्या. ती शरीरात शिरून आतच विस्कटते, पलीकडे कमी जाते, आणि शेजाऱ्याच्या कुंपणाच्या हिशेबातही तीच बरी. पूर्ण धातूच्या आवरणाची सरावाची गोळी स्वस्त म्हणून कायोटीवर झाडू नका. ती सुईसारखी आरपार जाते, जनावर पळत सुटतं, आणि गोळी दगडावर आपटून कुठेही जाते. फुटणाऱ्या गोळीचा दोष तिरप्या नेमात दिसतो: हाडावर उथळ फुटते, वर मोठी जखम आणि आत काही नाही. म्हणून कायोटी बाजू आपल्याकडे करून आडवा उभा राहीपर्यंत थांबायचं. तोंडाने हलकेच भुंकल्यासारखा आवाज काढला की पळता कायोटी बहुधा क्षणभर थबकतो.

दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची रायफल की पुढची गोळी आपोआप भरणारी एआर-१५? झाडीत दोन-तीन कायोटी एकदम येतात, तिथे एआर सोयीची. मोकळ्या रानात पहिली गोळी महत्त्वाची, तिथे बोल्ट. त्याच पैशात ती बहुधा जास्त नेमकी असते. वजन दुर्बिणीसकट सात-आठ पौंड. जाड, जड नळी टाळा. ती दिवसभर प्रेअरी डॉग (मैदानात बिळं करून राहणारी खार) मारणाऱ्यांसाठी आहे, कायोटीवर दिवसात पाच गोळ्या झडल्या तर डोक्यावरून पाणी. चाप अडीच-तीन पौंडांचा असावा.

दुर्बीण ३-९ पटीची पुष्कळ. पण बसल्या जागी ती ३ किंवा ४ वर ठेवा. नवखा माणूस ९ वर ठेवून बसतो, कायोटी तीस वारांवर येतो, आणि दुर्बिणीत नुसते केस दिसतात. रात्री थर्मल, म्हणजे अंगाची उष्णता दाखवणारी, दुर्बीण वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: थर्मलमध्ये शेजाऱ्याचा कुत्रा आणि कायोटी सारखेच पांढरे दिसतात. चाल, शेपटी, गळ्यातला पट्टा कळेपर्यंत चापावर बोट नको. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत मेक्सिकन लांडगा, नॉर्थ कॅरोलिनात तांबडा लांडगा कायद्याने संरक्षित आहेत. तिथे ही चूक फार महागात पडते.

व्हिसाचं सांगतो, कारण चहाच्या वेळी सगळे तेच विचारतात. ग्रीन कार्ड असेल तर रायफल घेता येते. एच-१बी, एच-४, एफ-१ वर असाल, तर केंद्रीय कायद्याने बंदूक आणि गोळ्या, दोन्ही बाळगायला बंदी आहे. त्यातला एक अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरताना हे विचारतात. खोटं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा. आणि ‘चालू’ हा शब्द नीट वाचा. टेक्सासचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. नवा काढला नाही, तर १ सप्टेंबरला कपाटातली तीच रायफल बेकायदेशीर होते, तुम्ही तिला हात लावला नसला तरी. नवे परवाने ऑगस्टच्या मध्यापासून मिळतात, तेव्हाच काढून ठेवा.

घरी आणल्यावर. दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू पंधरा ते अठरा इंच-पौंड, त्याखालच्या पट्टीचे वीस-पंचवीस, मोजणाऱ्या पान्यानेच आवळा. ‘रायफल खराब निघाली’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत बहुतेक वेळा सैल स्क्रू निघतो. आवळून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर नेलपॉलिशची एक रेघ ओढा. स्क्रू हलला की रेघ तुटलेली दिसते. पहिल्या गोळ्या पंचवीस वारांवर, मग शंभरावर. शंभर वारांवर गोळी मधल्या ठिपक्याच्या दीड इंच वर बसली, की दोनशेवर बरोबर येते. तरी दोनशेवर झाडून बघाच. ज्यांच्या रानात दीडशेच्या पुढे दिसतच नाही, त्यांनी शंभरावरच बरोबर बसवावी.

आणि एक सराव: एका दिवशी वीस गोळ्या झाडण्याऐवजी वीस वेगवेगळ्या दिवशी एकेक, थंड नळीतून, त्याच कागदावर, टेबलावरून नाही तर जसं रानात बसता तसं काठीच्या टेक्यावरून. कायोटीला मिळते ती गोळी थंड नळीतली पहिली असते, आणि काही नळ्या पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा इंचभर बाजूला टाकतात. त्या वीस भोकांभोवती मारलेलं वर्तुळ चार इंचांत बसलं, तर ज्या अंतरावरून झाडल्या ते तुमचं अंतर. नाही बसलं तर कागदाच्या पन्नास वार जवळ सरका आणि नवा कागद लावा.