तेरेखोलपासून परराष्ट्र

(दृश्य: तेरेखोलची खाडी, ओहोटी. मागे किल्ला.)

वेंगुर्ल्याहून शिरोडा, रेडी करत खाली उतरलं की तेरेखोलचा किल्ला लागतो. खाडीच्या अलीकडे, म्हणजे आपल्याच अंगाला. तरी डिसेंबर १९६१पर्यंत त्यावर निशाण पोर्तुगालचं. इथल्या माणसाला परदेश पाहायला बोटीत बसावं लागत नव्हतं.

बॅरिस्टर नाथ पै या वेंगुर्ल्याचे. जन्म २५ सप्टेंबर १९२२. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग, नंतर लंडनला बॅरिस्टरी. पण जगाच्या राजकारणाची खरी शाळा व्हिएन्ना. समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं मुख्यालय तिथं होतं आणि १९५४मध्ये नाथ तिचे अध्यक्ष झाले. तेव्हा त्या शहरात महायुद्ध जिंकलेल्या चार राष्ट्रांच्या, म्हणजे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघाच्या, फौजा होत्या. शीतयुद्ध म्हणजे काय, हे कळायला वर्तमानपत्र उघडायची गरज नव्हती.

(दृश्य: संसद भवन, जुनं कृष्णधवल चित्रण.)

१९५७. राजापूर मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै लोकसभेत आले.

आता विरोधी बाकावरचा खासदार परराष्ट्र धोरणात करणार काय? करारावर सही सरकार करतं, त्याला संसदेची मंजुरी लागतेच असं नाही. राजदूतही सरकारच नेमतं. खासदाराच्या हाती उरतो तो प्रश्न. कामकाजपत्रिकेत ज्या प्रश्नावर तारांकन असतं, त्याचं उत्तर मंत्र्याला उभं राहून द्यावं लागतं. ते कागदावर तयार असतं, त्यात काही मजा नाही. मजा त्या उत्तरावर तिथल्या तिथे विचारल्या जाणाऱ्या पूरक प्रश्नात! तो कसा येईल हे मंत्र्याला नेमकं ठाऊक नसतं. आणि त्या काळी समोर मंत्री कोण, तर खुद्द पंडित नेहरू. परराष्ट्र खातं त्यांनी अखेरपर्यंत स्वतःकडेच ठेवलं.

अशा प्रश्नांनी काय साधतं, ते १९५९च्या पावसाळ्यात दिसलं. २५ ऑगस्टला ईशान्य सीमेवर लाँगजूला भारत-चीन सैनिकांत चकमक झाली. लडाखच्या अक्साई चीन भागातून चीननं रस्ता काढल्याचं सभागृहाला त्याच आठवड्यात समजलं. विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं. सप्टेंबरमध्ये नेहरूंनी श्वेतपत्रिका पटलावर ठेवली. चीनशी १९५४पासून झालेला पत्रव्यवहार, पाच वर्षांचा, एकदम! इतके दिवस तो फायलीत पडून होता. चीनबद्दलच्या भाबडेपणावर नाथ पै सातत्यानं टीका करत राहिले, पण नेहरूंविषयीचा आदर त्यांनी सोडला नाही. आजच्या प्रेक्षकाला हे जरा विचित्र वाटेल.

गोव्याचा प्रश्न मात्र त्यांच्या घराजवळचा. १५ ऑगस्ट १९५५ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांच्या गोळ्या चालल्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यासोबत काढलेल्या निवेदनात गोव्याचा उल्लेख ‘पोर्तुगालचा प्रांत’ असा आला. पोर्तुगाल नाटोत, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी गटात होता, हे त्यामागचं गणित. १९६१मध्ये आपलं सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव अडला तो सोव्हिएत नकाराधिकारानं. दिल्ली, लिस्बन, वॉशिंग्टन, मॉस्को. आणि मधे ही खाडी.

(दृश्य: कोकणातला कच्चा रस्ता, जुनी छायाचित्रं.)

राजापूर मतदारसंघात तेव्हा रेल्वे नव्हती. मुंबईची वाट बोटीची. असा मतदार तिबेटवर बोलणाऱ्या खासदाराला निवडून का देतो? १९६२ला दिलं, १९६७लाही दिलं. कोकणी माणूस हिशेबाला पक्का असतो, म्हणजे काहीतरी त्याला पटलं असणारच. (१९६७चं त्यांचं घटनादुरुस्तीचं विधेयक हा वेगळ्या फिल्मचा विषय.)

१८ जानेवारी १९७१. बेळगावात नाथ पै गेले. वय अठ्ठेचाळीस. लोकसभा विसर्जित झालेली, निवडणूक तोंडावर आलेली. मार्चमध्ये राजापूरनं मधु दंडवत्यांना दिल्लीला पाठवलं.

(दृश्य: तेरेखोल, भरती. होडी पलीकडच्या काठाला लागते.)