गठ्ठा कोण तपासणार?

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : विद्यापीठाच्या तपासणी केंद्रातला हॉल. सुतळीने बांधलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, लाल पेनं, अर्धवट राहिलेले चहाचे कप.)

एसटीचे चालक संपावर गेले की दुसऱ्याच दिवशी तालुका अडतो. सफाई कामगारांनी काम थांबवलं की तिसऱ्या दिवशी नाकाला रुमाल लागतो. आणि प्राध्यापक संपावर गेले की? पहिले आठ-पंधरा दिवस खरं तर काहीच होत नाही. मुलं कॅन्टीनमध्ये बसतात, होस्टेलवाली गावी जाऊन येतात. पालकांना पत्ताही नसतो. मंत्रालयात कुणाची झोप उडत नाही.

झोप उडते ती या गठ्ठ्यांमुळे.

याला सगळे 'कॅप' म्हणतात, म्हणजे केंद्रीय मूल्यमापन. उत्तरपत्रिका कॉलेजातून इथे येतात, नाव-नंबर झाकला जातो, गठ्ठे वाटले जातात. समोरची टेबलं पाहा. मे महिना, पंखा डोक्यावर घरघरतोय, शेजारी बसलेले सर एकेका पानावर टिक करत पुढे सरकतायत. शेवटी पहिल्या पानावरच्या चौकटीत प्रश्नवार गुण, खाली बेरीज, बाजूला सही. मॉडरेटर त्यातल्या काही पुन्हा पाहणार. हे काम कारकुनाला देता येत नाही, पोलिसालाही देता येत नाही. ते शिक्षकच करू शकतो. महाराष्ट्रातल्या प्राध्यापक संघटनांची खरी ताकद मोर्च्यात नव्हती. ती या हॉलमध्ये होती.

(दृश्य : जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं.)

संघटना तरी किती! मुंबईची बुक्टू, पुण्याची पुक्टो, कोल्हापूरची सुटा, नागपूर-अमरावतीकडची नुटा, मराठवाड्यात बामुक्टो आणि स्वामुक्टा, जळगावला एनमुक्टो. या सगळ्यांचा मिळून राज्याचा महासंघ, एमफुक्टो. बाहेरच्या माणसाला ही नावं औषधांच्या दुकानातली वाटतील. पण स्टाफरूममध्ये 'सुटाचं परिपत्रक आलं का?' एवढंच विचारलं जातं आणि सगळ्यांना कळतं.

या संघटना उभ्या राहिल्या तेव्हा प्रश्न साधा होता : पगार. वयस्क प्राध्यापक अजून सांगतात की सही एका आकड्यावर व्हायची आणि हातात दुसराच आकडा पडायचा. पगार सरकारी तिजोरीतून नियमाने यावा, संस्थाचालकाच्या मर्जीवर नको, यासाठी ती पिढी भांडली. विदर्भात नुटाचे बी. टी. देशमुख अमरावती पदवीधर मतदारसंघातून १९८० पासून तीस वर्षं विधान परिषदेत होते. रस्त्यावरची लढाई आणि सभागृहातला प्रश्न यांची अशी जोडी नंतर क्वचितच जमली. आजच्या पदाधिकाऱ्यांना हे खाजगीत मान्य असतं, जाहीर सभेत ते बोलत नाहीत.

पुढे वेतन आयोग येत गेले आणि प्रत्येक आयोगाबरोबर आंदोलनही आलं. पण ज्या आंदोलनाने गठ्ठ्याची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही एकाच उन्हाळ्यात दाखवली, ते २०१३ चं.

(दृश्य : कॅलेंडरची पानं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे.)

४ फेब्रुवारी २०१३. एमफुक्टोने परीक्षेच्या कामावर बहिष्कार पुकारला. नीट ऐका : संप नव्हे, बहिष्कार. प्राध्यापक रोज कॉलेजात येत होते, शिकवत होते, मस्टरवर सही करत होते. फक्त पेपर काढणार नाही, पर्यवेक्षण करणार नाही, तपासणार नाही. मागण्या अनेक होत्या, पण दोन मोठ्या. एक, सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी. त्यातला ८० टक्के भार केंद्र उचलणार होतं, आणि केंद्र-राज्य यांच्या 'आधी तुम्ही, मग आम्ही'मध्ये पैसा अडकला होता. दुसरी मागणी नेट-सेटची.

ही दुसरी भानगड जरा समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावर हजारो कुटुंबांचं म्हातारपण टांगलेलं होतं. १९ सप्टेंबर १९९१ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने अधिव्याख्याता होण्यासाठी नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्यपातळीवरची) ही पात्रता परीक्षा बंधनकारक केली. पण त्या काळात पात्रताधारक उमेदवार मिळेनात आणि कॉलेजं तर चालवायची होती. म्हणून नेट-सेट नसलेले शिक्षकही नेमले गेले. रीतसर जाहिरात, रीतसर मुलाखत, विद्यापीठाची मान्यता, सगळं झालं. पुढे ३ एप्रिल २०००पर्यंत असे लागलेले शिक्षक मधल्या मधे लोंबकळत राहिले. वीस वर्षं शिकवलं, केस पांढरे झाले, पण सेवा धरायची कधीपासून हे ठरेना. सेवा धरली नाही तर बढती नाही, आणि निवृत्तीवेतनाचा हिशेबच कोलमडतो.

मार्च आला, एप्रिल आला. परीक्षांची वेळापत्रकं बदलायला लागली. तेव्हाचे उच्च शिक्षणमंत्री राजेश टोपे वाटाघाटी करत होते. मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतले संप रोखणारा कायदा, लावण्याचे इशारे दिले जात होते. विद्यार्थी संघटना दोन्ही बाजूंवर चिडलेल्या. विनाअनुदानित महाविद्यालयांतल्या शिक्षकांच्या आणि निवृत्तांच्या आधाराने परीक्षा उरकायचा प्रयत्न झाला. या गोष्टीकडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे तीच महत्त्वाची ठरणार होती.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १० मे २०१३ ला बहिष्कार मागे घेतला गेला. शहाण्णव दिवस.

काय मिळालं? थकबाकीचा रस्ता मोकळा झाला. नेट-सेट नसलेल्यांसाठी २७ जून २०१३ चा शासन निर्णय निघाला. तो त्यांना पुरेसा वाटला नाही, म्हणून ते पुढेही कोर्टात लढत राहिले. आणि हातातून गेलं ते ७१ दिवसांचं वेतन. सरकारचं म्हणणं असं : परीक्षेचं काम हे कायद्याने शिक्षकाचं कर्तव्य आहे, ते केलं नाही म्हणजे काम केलं नाही. प्राध्यापकांचं म्हणणं : आम्ही वर्गात उभे होतो, त्याचे पैसे कापायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? 'एकाहत्तर दिवसांचा पगार' हा शब्दप्रयोग पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक निवेदनात, प्रत्येक मोर्च्याच्या फलकावर होता.

माझं मत विचाराल तर नेट-सेटचा प्रश्न न्याय्य होता. पण ऐन परीक्षेत मुलांना मधे धरल्याची किंमत संघटनांनी मोजली आणि अजून मोजतायत. त्यानंतर 'एवढा पगार घेता आणि वर संप?' हे वाक्य रिक्षावाल्यापासून संपादकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. ते अजून निघालेलं नाही.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर स्कॅन केलेली उत्तरपत्रिका.)

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने ठरवलं की गठ्ठेच नकोत. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या आणि पडद्यावर तपासायच्या. ४७७ परीक्षा, सतरा लाखांवर उत्तरपत्रिका, आणि तयारीला जेमतेम वेळ. निकाल लटकले. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली. तपासणी व्हावी म्हणून महाविद्यालयांतली व्याख्यानं काही दिवस बंद ठेवून प्राध्यापकांना संगणकांपुढे बसवावं लागलं. मुदत हुकलीच. २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून हटवलं गेलं. यात कुठलाही बहिष्कार नव्हता. तरीही एक गोष्ट लख्ख कळली : यंत्र पान दाखवतं, वाचणारे डोळे शिक्षकाचेच लागतात.

मग प्रश्न असा येतो की हा शिक्षक आता कोण आहे?

(दृश्य : सकाळचं बसस्थानक. खांद्याला पिशवी, हातात डबा, घाईत बस गाठणारी प्राध्यापिका.)

या मॅडम पीएच.डी. आहेत, सेट आहेत. सकाळी एका कॉलेजात दोन तासिका, मग बस, दुपारी दुसऱ्या कॉलेजात एक. मुलं त्यांना 'मॅडम'च म्हणतात, मुलांना फरक माहीत नसतो. फरक कळतो तो महिनाअखेरीस, जेव्हा त्या तासिकांचा तक्ता भरतात. तारीख, वेळ, वर्ग, विषय, शिकवलेला घटक, सही. त्याखाली विभागप्रमुखांची सही, मग प्राचार्यांची. गणपतीची सुट्टी आली, ओळ कोरी. दिवाळी आली, अख्खं पान कोरं. मुलांचा मोर्चा निघाला आणि वर्ग भरला नाही, तरी ओळ कोरीच.

यांना तासिका तत्त्वावरचे म्हणतात, बोलताना सीएचबी. पदवीच्या वर्गाला एका तासिकेचे २०१८ पर्यंत फारच थोडे रुपये मिळत. मग ५०० झाले, २०२१ मध्ये ६२५, २०२३ मध्ये ९००. ऐकायला बरं वाटतं. पण आठवड्याला कमाल नऊ तासिका. म्हणजे महिना पूर्ण भरला, एकही सुट्टी आली नाही, तर ३२ हजार ४०० रुपये. तेही वर्षाचे बारा महिने नाहीत. शेजारच्या खुर्चीवर तोच विषय शिकवणाऱ्या नव्या पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच ५७ हजार ७००, महागाई भत्ता वेगळा. बिल उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात कधी जातं आणि पैसे कधी येतात, ही आणखी वेगळी कथा.

एक रिकामं पद दोघांत वाटलं की नऊ आणि नऊ, अठरा तासिका भरतात. वेळापत्रकात भोक दिसत नाही. जागा रिकामी आहे हे फक्त पगारपत्रकाला कळतं.

(दृश्य : २०१८ च्या मोर्च्याची छायाचित्रं.)

२५ सप्टेंबर २०१८ ला एमफुक्टोने पुन्हा कामबंद आंदोलन केलं. या वेळी मागण्यांच्या यादीत रिक्त पदं आणि तासिकावाल्यांचं मानधन ठळक होतं. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या जुन्या पेन्शनचा प्रश्नही होता. एकाहत्तर दिवस अर्थातच होते. ऑक्टोबरमध्ये आश्वासनं घेऊन आंदोलन थांबलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला शासन निर्णय आला : रिक्त पदांपैकी ४० टक्के, म्हणजे ३ हजार ५८० सहायक प्राध्यापक भरायला मंजुरी. बातमी 'मेगाभरती' म्हणून छापली गेली. चाळीस टक्के जर इतके, तर शंभर टक्के किती, हा हिशेब पाचवीतलं पोर करेल. जवळजवळ नऊ हजार. त्यातल्या मंजूर जागाही आरक्षणाची बिंदुनामावली, ना-हरकत, संस्थेतले वाद यांतून वाट काढत होत्या तोवर २०२० साल उजाडलं. कोविडच्या नावाखाली नव्या भरतीवर बंदी आली. २०२१ च्या नोव्हेंबरात पुन्हा २ हजार ८८ पदांना मंजुरी आली. दरम्यान दर वर्षी माणसं निवृत्त होतच होती.

संघटनांनी ही मागणी मनापासून केली नाही, असं मी म्हणणार नाही. पण यादीत मागणी असणं वेगळं आणि कार्यकारिणीत माणूस असणं वेगळं. विद्यापीठ कायदा २०१६ नुसार 'शिक्षक' म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षक. अधिसभेच्या, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटच्या, शिक्षक गटात मत त्यांचंच. बसस्थानकावरच्या या मॅडम अधिसभेला मत देऊ शकतात ते पदवीधर म्हणून, शिक्षक म्हणून नाही. उत्तरपत्रिका मात्र त्या शिक्षक म्हणूनच तपासतात. साहजिकच तासिकावाल्यांनी आपल्या वेगळ्या संघटना काढल्या. पुण्याच्या मध्यवर्ती इमारतीत, उच्च शिक्षण संचालनालयासमोर, धरणं धरून बसलेले चेहरे पाहा. तिशी-पस्तिशीतले, काहींच्या गळ्यात पदव्यांच्या झेरॉक्सच्या माळा. पूर्णवेळवाले त्यांना भेटून पाठिंब्याचं पत्र देतात, फोटो निघतो आणि गाडी परतीला लागते.

आणि इथे तो २०१३ चा धागा परत हाताला लागतो. समजा, उद्या बहिष्कार पुकारला. ज्या हॉलमध्ये एके काळी बहुतेक खुर्च्यांवर कायम प्राध्यापक होते, तिथे आज कितीतरी खुर्च्यांवर अशी माणसं आहेत ज्यांची नेमणूक पुढच्या जुलैत नव्या मुलाखतीवर अवलंबून आहे. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं तर जुलैत बोलावणं येणार नाही. त्यांनी ते खाली ठेवावं, अशी अपेक्षा करायचा हक्क ५७ हजार ७०० पासून सुरुवात केलेल्या माणसाला आहे का? पदं न भरण्यामागे सरकारचा हा डाव होता, असं मी म्हणत नाही. पैसे वाचवायचे होते, एवढंच कारण पुरेसं आहे. पण परिणाम तोच झाला : कुठलाही कायदा न बदलता संघटनांच्या हातातलं एकमेव हत्यार बोथट झालं.

(दृश्य : मसुद्याची पानं उलटताना.)

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत अशी अट होती. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमांचा मसुदा आणला, त्यात ही अट नव्हती. गदारोळ झाला तो मुख्यतः कुलगुरू निवडीवरून : शिक्षणक्षेत्राबाहेरचा माणूसही कुलगुरू होऊ शकेल का, निवड समितीत राज्याचं काय चालेल. अग्रलेखही त्यावरच आले. दहा टक्क्यांची गळलेली ओळ बऱ्याच बातम्यांत तळाशी होती, काहींत नव्हतीच.

ती ओळ ज्यांच्याबद्दल होती ते लोक तेव्हा दुसऱ्या सत्राच्या तासिका घेत होते. जून सरत आला की कॉलेजांच्या जाहिराती येतील. तासिका तत्त्वावर, मूळ कागदपत्रांसह, स्वखर्चाने उपस्थित राहावे. त्याच सुमारास संघटनांची वार्षिक वर्गणीची पावती पुस्तकं स्टाफरूममध्ये फिरतात. मॅडमसमोर ते पुस्तक अजून कुणी धरलेलं नाही.