वरचा माणूस

नमस्कार श्रोतेहो.

सत्तावीस वर्षं मी कारखान्यांत सेफ्टी ऑफिसर म्हणून नोकरी केली. पोरं माझ्या माघारी 'हेल्मेटवाले साहेब' म्हणायची. पण आज हेल्मेटबद्दल बोलणार नाही, चपलांबद्दल बोलणार आहे.

नोकरीचं चौथं वर्ष होतं. कारखान्याचं नाव सांगत नाही. सांडपाण्याची टाकी, जमिनीत बांधलेली, बारा फूट खोल, तळाला गुडघाभर गाळ. पंप पाणी ओढेना, म्हणून फूट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पंपाच्या पाइपच्या खालच्या टोकाच्या झडपेत, अडकलेली चिंधी काढायला एक जण शिडीनं उतरला. पाच मिनिटांचं काम. मी पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. काठावर चपला होत्या. पहिल्याची जोडी नीट शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढून ठेवतो तशी. दुसऱ्याची एक चप्पल इथं, दुसरी चार हातांवर उलटी पडलेली. तिसऱ्याचं पायताण काठावर नव्हतंच. तो बुटांसकट उतरला होता.

काय घडलं ते कुणाला विचारावं लागलं नाही. पहिला कामासाठी उतरला. दुसरा त्याला पडलेला बघून धावत आला. तिसऱ्याला बूट काढायचंही भान राहिलं नाही.

अशा टाकीत उतरायचं तर परवानगीचा कागद लागतो, आम्ही त्याला परमिट म्हणतो. परमिटबुक माझ्या कपाटात होतं. कपाटाला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात होती आणि मी जेवायला गेलो होतो. हे मी आजवर बऱ्याच प्रशिक्षणांत सांगायचं टाळलं. रेडिओवर समोर कुणाचा चेहरा दिसत नाही, म्हणून आज सांगून टाकतो.

पहिला माणूस का गेला याची दहा कारणं सापडतील. परमिट नव्हतं, हवा तपासली नव्हती, आत हवा सोडणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, लावला नव्हता. दुसरा आणि तिसरा का गेले, त्याचं कारण एकच. ती माणसं चांगली होती. अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संस्थेनं १९८६ साली एक इशारा काढला होता. टाक्या, खड्डे, गटारं अशा बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक हे वाचवायला गेलेले असतात, असं त्यात म्हटलं होतं. पुन्हा सांगतो. कामाला उतरलेले कमी, वाचवायला उतरलेले जास्त.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव. वापरात नसलेल्या एका विहिरीत शेणाची स्लरी साठवलेली होती. त्यात मांजर पडलं. मांजराला काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. त्या वेळी 'एका मांजरापायी पाच माणसं?' असं म्हणणारे मला बरेच भेटले. मला त्यांचा राग आला. मांजरासाठी एकच उतरला होता हो. बाकीचे माणसासाठी उतरले. आणि सहावाही उतरला होता. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. तो वाचला.

हा दोर ध्यानात ठेवा.

आता खाली नेमकं होतं काय? आपल्या सगळ्यांच्या मनात एक समजूत पक्की बसलेली असते. हवा खराब असेल तर जीव गुदमरेल, खोकला येईल, आपल्याला कळेल आणि आपण वर येऊ. ही समजूत चुकीची आहे आणि तीच माणसं मारते. जीव घुसमटल्यासारखा होतो तो अंगात कार्बन डाय ऑक्साइड साठल्यामुळे. नुसता प्राणवायू कमी झाला तर तशी घुसमट सहसा जाणवत नाही. आपल्या नेहमीच्या हवेत तो जवळपास २१ टक्के असतो. साडेएकोणीसच्या खाली गेला की ती जागा धोक्याची. सोळाच्या आसपास डोकं नीट चालत नाही, हातपाय ऐकत नाहीत, आणि गंमत म्हणजे माणसाला स्वतःला ठीकच वाटत असतं. दहाच्या खाली तो कोसळतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत तर दोन-चार श्वासांत माणूस खाली बसतो. ना वास, ना ठसका. ओरडायला तोंड उघडावं एवढीही सवड मिळत नाही.

प्राणवायू जातो कुठं? लोखंडाची टाकी महिनोन्महिने बंद ठेवली की आतला गंज तो खातो. टाकी रिकामी असते, कोरडी दिसते, आत रसायनाचा थेंब नसतो, आणि तरीही मारते. हे सांगितलं की चांगले शिकलेले इंजिनिअरसुद्धा माझ्याकडे संशयानं बघायचे. लोखंड गंजतं म्हणजे आणखी काय होतं? प्राणवायूच तर धरतं ते.

आपल्या आज्या-पणज्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. 'पेव फुटलं' असं आपण उठता बसता म्हणतो. क्लासचं पेव फुटलं, चॅनेलचं पेव फुटलं. मूळ पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती, २००५च्या महापुरानं त्यांतली बरीच गेली. पेवात माल वर्षानुवर्षं टिकायचा, कारण तोंड लिंपलं की आतला प्राणवायू संपत जाई आणि किडा जगत नसे. आता जिथं किडा जगत नाही तिथं माणूस कसा जगेल? म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड उघडं टाकायचं, वाट बघायची, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही.

कंदिलाची ही युक्ती खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. प्राणवायू १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते, इतपत ती खरं सांगते. शेण, मैला, गाळ असेल तिथं मात्र कंदील नेऊच नका. तिथं मिथेन असतो, तो पेट घेतो. आणि तिथंच दुसरा एक वायू असतो, हायड्रोजन सल्फाइड. तो तर कंदील छान जळत असतानाही माणसाला आडवा करतो.

ह्या वायूची तऱ्हा मोठी विचित्र. अगदी थोडा असला की सडक्या अंड्यासारखा घाण वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभरेक भाग झाला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वर उभा असलेला म्हणतो, "आता वास गेला, उतर." वास गेलेला नसतो, नाक गेलेलं असतं. हवेपेक्षा जड असल्यानं तो तळाशी बसून राहतो. शिवाय गाळात अडकलेलाही असतो. वर तपासलं तेव्हा काही नसतं. पाय गाळात पडला, फावडं मारलं की भसकन बाहेर येतो. चिंधी काढायला उतरलेल्या माझ्या माणसाचं असंच झालं असावं.

तोंडाला ओला टॉवेल बांधून उतरणारे मी पाहिलेत. टॉवेल धूळ अडवतो, वायू अडवत नाही, आणि जो प्राणवायू तिथं नाहीच तो कुठून आणून देणार? ते कापडी आणि पांढरे मास्कही तसेच. काही ठिकाणी हुशारी म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडतात. असं कधीही करू नका. प्राणवायू प्रमाणाबाहेर वाढला की कपडे, केस, ग्रीस, सगळं एका ठिणगीत भडकतं. आत सोडायची ती साधी हवा, ब्लोअरनं, आणि काम चालू असेपर्यंत सोडत राहायची.

बाकी पद्धत अवघड नाही. गॅस मीटर दोरीला बांधून सोडायचा आणि वर, मध्ये, तळाशी असं तीन ठिकाणी वाचायचं. आधी प्राणवायूचा आकडा बघायचा. ज्वलनशील वायू मोजणारा जो नेहमीचा सेन्सर असतो तो स्वतःच प्राणवायूवर चालतो. प्राणवायू पुरेसा नसेल तर मीटर कमी किंवा शून्य दाखवून तुम्हाला फसवतो. टाकीला येणारे पाइप नुसता व्हॉल्व्ह बंद करून सोडायचे नाहीत, ब्लँक मारायचे, म्हणजे तोंडाला चकती बसवून बुजवायचे, किंवा तोडायचे. आत हातदिवा न्यायचा तो २४ व्होल्टच्या आतला. एवढं झालं की मी ज्याच्यासाठी आज इथं बसलोय त्याच्याकडे येऊ.

वरचा माणूस.

१९४८ सालच्या, २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियमात ३६ नंबरचं कलम याच कामासाठी घातलेलं होतं. आत जाणाऱ्यासाठी त्यात दोन वाटा होत्या. एक तर जाणकार माणसानं स्वतः चाचणी करून आतली हवा ठीक असल्याचं लेखी दिलेलं असावं. स्वतः चाचणी करून, असं स्पष्ट म्हटलं होतं. केबिनमध्ये बसून सही ठोकून, असं नाही. नाहीतर दुसरी वाट: आत जाणाऱ्यानं श्वसनाचं उपकरण लावावं, पट्टा घालावा, पट्ट्याला दोर असावा, आणि त्या दोराचं मोकळं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावं. कायद्याची भाषा सहसा कोरडी असते. पण ह्या एका वाक्यात मला नेहमी वाकडीचा तो सहावा माणूस दिसतो.

माझं सांगणं असं की ही दोराची वाट 'नाहीतर' म्हणून ठेवूच नये. मीटर ठीक दाखवत असला तरी दोर हवाच, कारण गाळ हलला की आतली हवा बदलते. आणि दोर आधीच बांधलेला हवा. माणूस आत कोसळल्यावर त्याला दोर बांधायला कुणीतरी उतरावं लागतं, म्हणजे पुन्हा चपलांची दुसरी जोडी.

दोर कमरेलाही नको. वाकडीत कमरेच्या दोरानं जीव वाचला, विहिरीचं तोंड मोठं होतं. मॅनहोल असतं दीड-दोन फुटांचं. बेशुद्ध माणूस कमरेनं वर ओढला की मधोमध दुमडतो, डोकं आणि पाय एकत्र होतात, आणि बाटलीत बूच अडकावं तसा अडकतो. म्हणून अख्ख्या अंगाला बसणारा पट्ट्यांचा हार्नेस, आणि दोर पाठीवरून खांद्यांच्या मध्ये. म्हणजे माणूस उभाच वर येतो. वर तीन पायांची तिवई, तिला हँडल फिरवून दोर गुंडाळायचं विंच. सत्तर किलोचं सैल पडलेलं शरीर हातांनी ओढून पाहिलंय कधी? चार गडी लागतात, आणि त्या चारांत भांडण होतं.

वेळ किती असतो? प्राणवायू थांबल्यावर मेंदूला चार-पाच मिनिटं. अग्निशमन दलाची गाडी तेवढ्यात येणं कठीणच. तरीही १०१ किंवा ११२ लावायचाच, पण वरच्या माणसाची तयारी गाडीच्या भरवशावर नको.

वरच्या माणसाला मी तीनच गोष्टी सांगायचो. दर दोन मिनिटांनी आतल्याला हाक मार. उत्तर आलं नाही तर हँडल फिरव, आणि मदतीला ओरड. तिसरी: तू खाली उतरायचं नाहीस. आत तुझा भाऊ असला तरी नाही. ही तिसरी सांगताना पोरं खाली बघायची. त्यांना ते क्रूर वाटायचं. मलाही वाटायचं.

हे फक्त कारखानेवाल्यांसाठी नाही बरं का. तुमच्या सोसायटीचा सेप्टिक टँक भरतो, सेक्रेटरी कुणाला तरी फोन करतात, दोन पोरं बादली-दोर घेऊन येतात. २०१३च्या कायद्यानं सेप्टिक टँकची आणि गटाराची अशी धोकादायक सफाई माणसाला आत उतरवून करून घ्यायला बंदी आहे. असा मृत्यू झाला तर ३० लाख रुपये भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. पण पैशांची गोष्ट सोडा. पुढच्या वेळी खाली पार्किंगमध्ये झाकण उघडताना दिसलं तर एवढंच विचारा: मैला ओढून घेणारी सक्शनची गाडी कुठं आहे? शेतकरी मंडळींनीही हे ऐकावं. स्लरीचा खड्डा, मुरघासाचा खड्डा, बरेच दिवस बंद असलेली विहीर, सगळ्यांना हाच नियम.

एक आठवण सांगतो आणि थांबतो. निवृत्तीच्या दोन वर्षं आधीची. टाकीत एक जण, वर तिवईपाशी त्याचा चुलत भाऊ. दोघं एकाच घरातले म्हणावेत असे, एकाच डब्यात जेवणारे. आतून हाकेला उत्तर येईना. सुपरवायझर ओरडला, "अरे बघतोस काय, उतर!" हा उतरला नाही. दोन्ही पायांची तिवईच्या पायाला मिठी घालून खाली बसला आणि हँडल फिरवत राहिला. नंतर मला म्हणाला, "साहेब, पाय धावत होते, म्हणून अडकवून ठेवले." आतला वर आला, दवाखान्यात गेला, चौथ्या दिवशी बोलायला लागला.

त्याची आई गावाहून आली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती पुतण्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "माझा पोरगा खाली पडला होता, आणि तू वर काय करत होतास रे?"

तो म्हणाला, "हँडल फिरवत होतो, काकू."

नमस्कार.