कोरो: सेंटर-बॅकच्या पाठीमागे

9 डिसेंबर 2017, मडगावचं फातोर्डा स्टेडियम. मध्यंतराला एफसी गोवा आणि केरळा ब्लास्टर्स 2-2. मग 48व्या, 51व्या आणि 55व्या मिनिटाला गोल, तिन्ही गोव्याच्या स्पॅनिश आघाडीवीराचे, फेरान कोरोमिनासचे. गोव्यासाठी नुसता कोरो. आधीच्याच सामन्यात त्याने बेंगळुरूलाही तीन ठोकले होते.

आता चेंडू सोडा, फक्त कोरोकडे बघा. पास देणारा मिडफिल्डर एदू बेदिया मान वर करतो, तेव्हा कोरो दोन पावलं चेंडूकडे येतो. सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, त्याच्यामागे सरकतो आणि फसतो. कोरो गर्रकन वळून सेंटर-बॅक आणि फुल-बॅक (कडेचा बचावपटू) यांच्यामधल्या फटीत शिरतो. सरळ धावला तर पास सुटण्याआधीच बचावफळीच्या पुढे, म्हणजे ऑफसाइड. म्हणून आधी बचावफळीला समांतर, पास सुटला की आत. पास देणाऱ्याने एक टच जादा घेतला, की पंचाचा झेंडा वर. पहिला टच पायाखाली नाही, गोलच्या दिशेने. तिथे चेंडू अडकला तर मागचा बचावपटू गाठतोच, कारण कोरो काही फार वेगवान नव्हता.

हे शिक्षण स्पेनमधल्या कॅटलोनियातलं. जन्म 1983, जिरोना प्रांतातला, घडला बार्सिलोनाच्या एस्पान्योल क्लबमध्ये. तिथे तो बऱ्याचदा उजव्या कडेला किंवा बाकावर. 2006 च्या कोपा देल रे या स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात झारागोझाविरुद्ध एक गोल त्याचा. महिन्याभराने, 13 मे रोजी, एस्पान्योलचं तेव्हाचं मैदान मोंजुइक. हंगामाचा शेवटचा सामना, रेआल सोसिएदादविरुद्ध 0-0, जिंकलं नाही तर दुसऱ्या श्रेणीत घसरण. 91व्या मिनिटाला कोरोचा गोल. एस्पान्योल वाचलं, अलावेस घसरलं.

पुढे ओसासुना, जिरोना, एल्चे, मायोर्का हे क्लब, मग सायप्रस. गोव्यात आला तेव्हा वय 34. अशा खेळाडूला आपल्याकडे सर्रास ‘पेन्शनर’ म्हणतात. या पेन्शनरने आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) 57 सामन्यांत 48 गोल केले, 18 आणि 16 गोलांसह लागोपाठ दोन वेळा सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट नेला. प्रशिक्षक सर्जियो लोबेराच्या खेळात डावीकडून मंदार राव देसाई वर चढायचा, बचावपटू बाहेर ओढले जायचे आणि मधली जागा कोरोला आयती मिळायची. गोव्यातल्या अकादम्यांत पोरांना ड्रिबलिंग भरपूर शिकवा, पण ही बिनचेंडूची धावही शिकवा.

2019 चा सुपर कप गोव्याकडे आला, आयएसएलचा अंतिम सामना मात्र बेंगळुरूने जादा वेळेत नेला. 2020 मध्ये गोवा आयएसएलच्या साखळी फेरीत अव्वल ठरून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत गेला, पहिला भारतीय क्लब. ते सामने 2021 साली फातोर्ड्यातच झाले. कोरो तोवर क्लब सोडून गेला होता.