दडपलेलं ठेवलंय कुठे?

नमस्कार. आत्ता माईकनं शीळ घातली आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी कान झाकले. माईकवाल्यानं एक दांडी खाली ओढली, शीळ बंद. त्यानं केलं काय, तर ज्या पट्टीत तो आवाज घुमत होता ती पट्टीच कापली. त्या पट्टीत थोडा माझाही आवाज होता. तोही गेला, तुम्हाला पत्ताच लागला नाही. आज मी त्या गेलेल्या आवाजाबद्दल बोलणार आहे.

संशोधनात माहिती दडपली जाते म्हटलं की डोळ्यांसमोर फायली जाळणारा कुणीतरी लबाड येतो. तसेही असतात. पण दडपणं हे मुळात आमच्या धंद्यातलं रोजचं काम आहे. आणि आपल्या घरातलंसुद्धा. खोबरं-कांदा-लिंबू घालून दडपून ठेवल्याशिवाय पोहे मुरतात का?

मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला. बरीच वर्षं खनिज वाहणाऱ्या बार्जींवर काम केलं. बार्जच्या तळाशी पाणी साठलं की एक पोकळ गोळा तरंगत वर येतो आणि इंजिनाजवळ घंटी वाजते. पण मांडवीतून बाहेर पडून बार्ज मुरगावकडे वळली की डुलते. तळातलं नेहमीचं बादलीभर पाणीही हिंदकळतं, गोळा उचलला जातो, घंटी वाजते. रात्रभर. त्यावर उपाय सोपा असतो : गोळा सलग 10 सेकंद वर राहिला तरच वाजायचं. तो विलंब मी लावला आणि वहीत लिहिला. पुढच्या तपासणीला गेलो तर घंटीत चिंधी कोंबलेली. इंजिन ड्रायव्हर म्हणाला, "सायबा, न्हिदूंक दिना हो ती!" झोपूच देत नाही म्हणे.

विलंब हीही दडपणूकच, चिंधी हीही. पण विलंब वहीत होता. चिंधी कुठेच नव्हती.

आता जरा दूर जाऊ. दूर म्हणजे तसं इथूनच, कारण आपल्या वास्कोच्या हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, आणि 6 डिसेंबर 1981 ला भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्यातूनच निघाली. त्या खंडावर हॅली नावाचं ब्रिटिश ठाणं आहे. तिथल्या जुन्या धाटणीच्या उपकरणानं मोजलेला ओझोन दर वसंतात घटत चालल्याचं फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या शास्त्रज्ञांनी मे 1985 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापलं. जग हादरलं. कारण डोक्यावरून 1978 पासून निंबस-7 हा ओझोन मोजणारा उपग्रह फिरत होता आणि त्याच्याकडून कुणी काही ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून एक गोष्ट कॉलेजाकॉलेजांतून सांगितली जाते : कॉम्प्युटरनं उपग्रहाचे आकडे चुकीचे समजून फेकून दिले. मीही ती पूर्वी सांगायचो. ती अर्धीच खरी. ओझोन मोजायच्या 180 एककांखालचा आकडा आला की त्यावर 'संशयास्पद' अशी खूण करायची, असा नियम होता. खूण झाली, आकडे बाजूला राहिले, पण फेकले गेले नाहीत. शास्त्रज्ञांनी ते पाहिले आणि दक्षिण ध्रुवावरच्या जमिनीवरील उपकरणाशी ताडले. तिथे आकडा 300. साहजिकच उपग्रहावरच शंका आली. पुढे उघड झालं की चूक जमिनीवरच्या उपकरणात होती! पवन भरतिया आणि त्यांचे सहकारी त्या आकड्यांवर काम करत होतेच. म्हणून 1985 संपायच्या आत हॅलीच्या एका ठिपक्याचा अख्खा नकाशा झाला. खूण करून ठेवलेलं परत काढता येतं.

वैद्यकात मात्र खूण न करता ठेवलेलं सापडलं नाही, त्याची किंमत मोठी पडली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या ठोक्यांत मध्येच जादा ठोके पडतात. असे ठोके ज्यांना पडतात ते अचानक जास्त मरतात, हेही दिसत होतं. मग ठोके दडपले की माणसं वाचतील, नाही का? आमच्यासारख्या घंटीवाल्यांना हा तर्क लगेच पटतो. औषधं निघाली, ईसीजी स्वच्छ दिसू लागला. अमेरिकेत अखेर मोठी चाचणी घेतली. तिच्या नावातच 'सप्रेशन', म्हणजे दडपणं, होतं. औषधानं ज्यांचे ठोके खरोखर दबले, असेच रुग्ण तिच्यात घेतले. त्यांतल्या 755 जणांना एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड, 743 जणांना नुसत्या साखरेसारख्या गोळ्या. सरासरी 10 महिन्यांत औषधवाले 63 गेले, बिनऔषधवाले 26. 1989 मध्ये त्या दोन औषधांची चाचणी थांबवावी लागली. ईसीजी शेवटपर्यंत छान होता.

याच्या कितीतरी आधी, 1980 मध्ये, नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी त्याच जातीचं लोरकेनाइड शंभरेक रुग्णांवर तपासलं होतं. औषध घेणाऱ्यांत 9 मृत्यू, न घेणाऱ्यांत 1. त्यांना वाटलं, योगायोग असेल. तेवढ्यात धंद्याच्या कारणांनी कंपनीनं ते औषधच सोडून दिलं. मग निबंध कोण छापणार? कागद खणात गेले. कुणी धमकावलं नाही, कुणी जाळलं नाही. 1993 मध्ये त्याच डॉक्टरांनी ते स्वतः छापलं आणि लिहिलं की वेळेवर छापलं असतं तर पुढच्यांना आधीच सावधगिरीचा इशारा मिळाला असता. एवढं कबूल करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. आपल्यापैकी किती जण करतील?

अशा खणांवर उपाय म्हणून आता रुग्ण घ्यायच्या आधीच चाचणीची नोंद करावी लागते. भारतात ही नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली आणि 15 जून 2009 पासून नोंद सक्तीची झाली. निकाल लपवता येतो अजूनही. पण चाचणी झालीच नव्हती असं म्हणता येत नाही.

हसून दडपणंही असतं, ते आपल्या माणसानं भोगलंय. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्यांचा पुतळा आहे, ते कांदोळीचे आबे फारिया पॅरिसमध्ये सांगत होते की संमोहनाची ताकद करणाऱ्याच्या हातात नसते, झोपणाऱ्याच्या मनात असते. 1816 मध्ये त्यांच्यावर प्रहसन आलं आणि लोकांनी त्यांच्या प्रयोगांना जाणं सोडलं. 1819 मध्ये ते गेले, पण त्याच वर्षी त्यांचा ग्रंथ छापून झाला होता. फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टरांना पुढे संमोहनाचा अभ्यास करताना तो हाताशी होता.

त्या चिंधीचं काय झालं, असं मघाशी कुणीतरी पुटपुटलं. मी ती काढली. पुढच्या फेरीला पुन्हा होती. मग मी ड्रायव्हरबरोबर एक रात्र बार्जवर काढली आणि खरंच डोळा लागला नाही. सकाळी 10 चे 20 सेकंद केले, वहीत तारीख घातली, कारण लिहिलं, खाली त्याची सही घेतली. चिंधी परत दिसली नाही. काही महिन्यांनी वही उघडली तर माझ्या ओळीखाली त्यानं पेन्सिलीनं रोज एक आकडा लिहिला होता : त्या रात्री घंटी किती वेळा वाजली. मी सांगितलं नव्हतं.