एका आडव्या रेघेने दोन तास खाल्ले! डॉक्स, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणारी पानं, शिळे का होतात?

नमस्कार मंडळी! मागच्या रविवारी कोथरूडला आमच्या घरी चार-पाच जण जमलेलो, ओपन सोर्समध्ये (कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रोजेक्टमध्ये) पहिल्यांदाच हात घालणारी पोरं, आणि त्यातली सेकंड इयरची एक मुलगी रीडमीत (प्रोजेक्ट कसा चालवायचा ते सांगणाऱ्या फाईलमध्ये) लिहिलंय तस्संच टाईप करत होती, ‘डॉकर-कंपोज अप’, मधे ती छोटी आडवी रेघ, आणि टर्मिनल म्हणतंय कमांड नॉट फाउंड. दोन तास! डॉकर (ॲप्स वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकलं, लॅपटॉप रीस्टार्ट केला, शेवटी म्हणाली, “दादा, मला नाही जमणार हे.”

फार वाईट वाटलं हो, कारण तिची चूक नव्हतीच. कंपोज, म्हणजे असे अनेक डबे एकदम सुरू करणारं डॉकरचं टूल, त्याच्या जुन्या व्हर्जन वनचे अपडेट जुलै 2023 मध्येच बंद झाले, आता कंपोज डॉकरचीच सबकमांड (मुख्य कमांडच्या पोटातली कमांड) आहे, म्हणजे रेघेच्या जागी स्पेस. प्रोजेक्टच्या टेस्ट स्क्रिप्टमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या फाईलमध्ये) हे कधीच बदललं होतं, रीडमी तेवढा राहिला.

कोड बिघडला की टेस्ट लाल होते, बोंबाबोंब होते. डॉक्स चुकले तर काहीच लाल होत नाही, समोरचा माणूस गपचूप निघून जातो. म्हणून माझं ठाम मत आहे की कोड आणि डॉक्स एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती) आले पाहिजेत, डॉक्स नसतील तर मर्ज नाही, म्हणजे बदल आत घ्यायचाच नाही. जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कवाले नवीन फीचरसोबत डॉक्स मागतातच.

आणि उदाहरणं मशीनकडून चालवून घ्या ना! पायथनसोबत डॉकटेस्ट येतंच, ते डॉकस्ट्रिंगमधलं (कोडच्या आतच लिहिलेल्या माहितीतलं) उदाहरण खरंच रन करतं आणि लिहिलेलं उत्तर जुळतंय का बघतं. रस्ट या भाषेत कार्गो टेस्ट ही कमांड मारली की लायब्ररीच्या डॉक कमेंटमधला कोडपण चालतो.

शब्दांचंही तेच. मराठी भाषांतरात एका स्क्रीनवर ‘जतन करा’, दुसरीकडे ‘साठवा’, मदतीच्या पानावर ‘सेव्ह’, आईने मला विचारलं, ही तीन वेगळी बटणं आहेत का रे? ठरलेल्या शब्दांची यादी रेपोतच (प्रोजेक्टचा कोड असतो तिथेच) ठेवा.

हां, तर त्या रविवारी चहा झाल्यावर आम्ही ग्रेप मारला (फाईलींत शब्द शोधणारी कमांड), ती रेघ सहा ठिकाणी निघाली. सगळ्या तिनेच काढल्या, पुल रिक्वेस्ट टाकली, आणि रात्री साडेदहाला मेसेज, “दादा, मर्ज झालं!!”