पेंढ्यातलं गुलाबी पीक

[ड्रमचा क्लोजअप, वाफ]

हे पाणी उकळत नाहीये, वाफ बघून तसं वाटतं खरं, पण ते ८० डिग्रीच्या आसपास आहे आणि तिथंच तासभर धरून ठेवायचंय. त्याच्या वर गेलं तर सरपण फुकट, खाली आलं तर पेंढ्यातली नको ती बुरशी जिवंत राहते. ड्रममध्ये गोणी, गोणीत भाताच्या पेंढ्याची कुट्टी, रात्रभर भिजवलेली. हिच्यावर गुलाबी धिंगरी घ्यायचीय, म्हणजे ऑयस्टर मशरूम. थर्मामीटर आहे, पण बचत गटातल्या ताई आधी वाफेकडे बघतात आणि मग थर्मामीटरकडे.

पेंढा इंद्रायणीचा. मावळातला हा तांदूळ पुण्यात घराघरात शिजतो, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेलं वाण आहे हे, पण झोडणी झाल्यावर मागे जे उरतं त्याची चौकशी कोण करतं? पूर्वी गोठे भरलेले असायचे, पेंढा तिथंच संपायचा. आता गोठ्यात एखादी म्हैस उरली असेल तर असेल, आणि उडवी पावसात भिजून काळी पडते. पवनेच्या काठच्या या गावातल्या बचत गटानं तोच पेंढा गोळा करायला घेतला, आणि गोठाही तोच, मोकळा झालेला, भिंतींना चुना मारून, खिडक्यांना जाळी लावून.

[हात, मूठ पिळताना]

आता हा हात बघा. पेंढा निथळून गार झाला की मुठीत घेऊन दाबायचा. पाणी ठिबकलं तर अजून ओला आहे, हात नुसता ओलसर झाला तर बेड भरायला घ्यायचे. बेड म्हणजे ही प्लॅस्टिकची पिशवी. पेंढ्याचा थर, त्यावर कडेकडेनं स्पॉन, परत थर, परत स्पॉन, आणि वरून तळहातानं दाबायचं, कारण आत हवेची पोकळी राहिली की तिथं गडबड होते. स्पॉन म्हणजे अळिंबीचं, मशरूमचं बियाणं, पण बी नाही, गव्हाच्या किंवा ज्वारीच्या उकडलेल्या दाण्यांवर वाढवलेली पांढरी बुरशीच ती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा प्रकल्प आहे, ट्रेनिंग तिथं मिळतं, स्पॉनही.

पेंढा निर्जंतुक करायची दुसरी पद्धत आहे, तीच जास्त चालते. कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक आणि फॉर्मॅलिन पाण्यात टाकायचं आणि त्यात पेंढा १६ ते १८ तास बुडवून ठेवायचा. जाळ नाही, धूर नाही, ट्रेनिंगच्या पुस्तकातही ती दिलेली असते. पण गटातल्या बायकांचं म्हणणं साधं होतं, फॉर्मॅलिनच्या वासानं डोळ्याला पाणी येतं आणि जे आपल्या पोरांच्या ताटात पडणार ते आपण त्यात का भिजवायचं. म्हणून ड्रम. सरपण लागतं, बरंच लागतं, असो.

[अंधारी खोली, टांगलेले बेड]

पुढचे १५-२० दिवस खोलीत अंधार. दोरीला टांगलेले बेड आतून हळूहळू पांढरे होत जातात, पेंढ्याचा पिवळा रंग दिसेनासा होतो.

ही आयडिया काही आजची नाही बरं का. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ च्या सुमारास, जर्मनीत फाल्क नावाच्या शास्त्रज्ञानं धिंगरी झाडांच्या बुंध्यांवर वाढवून दाखवली, अन्नाची टंचाई होती तेव्हा. आपल्याकडे १९६२ साली म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेत झाकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी ती भाताच्या पेंढ्यावर घेतली. भाताच्याच! म्हणजे पेंढा आणि धिंगरीची गाठ पडून साठ वर्षं उलटली, आणि आपल्या भाजीवाल्याकडे मशरूम म्हटलं की अजून पांढरं बटणच पुढं येतं, ज्याला कंपोस्ट लागतं, गारवा लागतो, बहुतेक ठिकाणी एसीच लागतो. धिंगरीला ओलं गोणपाट पुरतं.

[पिनहेड, मग गुलाबी झुबके]

हे मात्र नीट बघा. पिशवी फाडून काढली, दिवसातून दोन-तीनदा फवारा मारला, खोलीतली आर्द्रता ८०-८५ टक्के ठेवली, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे हे ठिपके आले. यातले सगळे मोठे होत नाहीत. खिडकी बंद राहिली आणि हवा कोंडली तर देठ लांबलचक होतात आणि छत्री एवढीशी राहते, तो माल कुणी घेत नाही, म्हणून सकाळी पहिलं काम खिडक्या उघडायचं. पण जे वाढतात ते दिवसागणिक नाही, सकाळ-संध्याकाळ वाढताना दिसतात. करडी धिंगरी थंडीत, आणि ही गुलाबी उन्हाळ्याकडे, कारण हिला उष्णता चालते. एका बेडवरून तीन तोडण्या, १०० किलो सुक्या पेंढ्यामागे साधारण ६०-७० किलो ताजा माल, उरलेल्या बेडचं गांडूळखत.

मे महिन्यात खोली तापली आणि बरेच बेड हिरव्या बुरशीनं गेले, स्पॉनचे पैसे बुडाले, आणि तोडणी उशिरा झाली की छत्रीतून जी पावडर उडते तिनं खोकला लागतो म्हणून आता सगळ्याजणी मास्क लावतात.

[पॅकिंग, स्कूटर, पुण्याकडचा रस्ता]

पहाटे तोडणी, लगेच पॅकिंग, आणि स्कूटरवरून पुणे. मार्केट यार्डाला नाही, थेट सोसायट्यांमध्ये आणि थोड्या हॉटेलांना, कारण ताजी धिंगरी बाहेर जेमतेम एक दिवस टिकते, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. विकली नाही तर वाळवायची, दहा किलोची एक किलो होते. बाणेर-औंधकडं आता ऑयस्टर, शिताके, किंग ऑयस्टर असले मशरूम विचारणारं गिऱ्हाईक वाढलंय, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला की आधी गुलाबीच संपते.

आणि तिथंच एक गंमत आहे. हा रंग तव्यावर टिकत नाही, शिजली की पार फिकी पडते. आम्ही शूट करत असताना एका हॉटेलच्या शेफचा फोन आला, स्पीकरवरच होता, गिऱ्हाईक म्हणतंय मेनूत पिंक लिहिलंय आणि ताटात पांढरं काय आलंय. ताईंनी दोन गोष्टी सांगितल्या: रंगासाठी कच्ची ठेवू नका, नीट शिजवूनच द्या, आणि गुलाबीच दिसायला हवं असेल तर सॉसमध्ये बीट किसून घाला.

शेफ अजून माल घेतो. करडी.